सातपुत्यांचा डावा बूट

सातपुत्यांना बूट मुळीच आवडत नसत, असं मी म्हटलं तर झाशीच्या सीपरी बाजारात मला वेड्यात काढतील. तिथला सकाळी पळणारा प्रत्येक माणूस त्यांना विचारल्याशिवाय बूट घेत नसे. पण खरं तेच होतं. त्यांना बुटांचा संशय होता. नवा बूट हातात आला की मुलीला सांगून आलेल्या स्थळाकडे बाप बघतो तसे ते त्याच्याकडे बघत. हसत नसत, स्तुती करत नसत आणि नजरही हटवत नसत.

"नवेपणी सगळेच गोड वागतात, पुराणिकबाई," ते मला म्हणत. "महिनाभर रस्त्यावर आपटू दे. मग गुण कळतील."

पुढं जे झालं ते आठवलं की मला अजून राग येतो, पण कोणाचा ते सांगता येत नाही. बूट पहिल्यापासून खरं सांगत होते. बुटाचं म्हणणं ज्याला सगळ्यात चांगलं कळायचं, नेमका तोच माणूस ते ऐकायला तयार नव्हता.

मधुकर सातपुते मूळचे मिरजेचे. नोकरीनं झाशीला आले. शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासून बाहेर सोडायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरचे बहुतेक जण पुण्याला नाहीतर नागपूरला निघून गेले. हे राहिले. मुलगी पुण्यात होती, ती बोलवत होती, पण इथले रस्ते पळायला मोकळे आहेत, एवढंच कारण ते द्यायचे. आम्ही पुराणिक मात्र इथलेच. कोणे एके काळी आमचा कोणी पूर्वज मराठी अधिकाऱ्यांबरोबर पूजाअर्चा करायला आला आणि परत गेलाच नाही. आमच्या घरात अजून चपलांना 'वहाणा' म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात 'है ना' म्हणतात. सातपुत्यांना त्याची भारी गंमत वाटे. मी त्यांना 'सातपुतेजी' म्हटलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. "अहो, मराठी माणसाला जी कसलं लावता? मी काय मिठाईचं दुकान आहे?" पुढं सवय झाली त्यांना. मला साखर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, आणि विमा कचेरीत दिवसभर बसणारी मी पन्नाशीच्या तोंडावर त्यांच्या टोळीत पळायला लागले, ती त्यांच्याच आग्रहानं.

स्वस्त बुटांचा त्यांना नाद होता. महाग बूट चांगला निघाला तर त्यात कौतुक कसलं, असं त्यांचं म्हणणं. रोज सकाळी डांबरी रस्त्यावर पळणाऱ्या कारकुनाला, मास्तराला परवडेल आणि तरी गुडघे शाबूत ठेवील असा बूट शोधायचा, हेच त्यांनी निवृत्तीनंतरचं काम मानलं होतं. तळातल्या मऊ थराला ते 'गादी' म्हणत. सीपरी बाजारातल्या साहूजींच्या बुटांच्या दुकानात नवा स्वस्त नमुना आला की पहिली जोडी सातपुत्यांच्या पायात जाई. सुरुवातीचे दिवस भाजीबाजारात. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालायचं आणि बूट कुठं घासतो ते बघायचं. मग सावकाश पळणं, मग जुन्या बबीना रस्त्यावर लांबचं पळणं. एकदा तो बादलीत बुडवून ओलाच घालायचा. मे महिन्यात गच्चीवर दिवसभर उन्हात टाकायचा आणि तळ सुटतो का बघायचं. झाशीचं ऊन ते. त्या परीक्षेत भलेभले तोंड उघडत.

आणि शेवटची परीक्षा गादीची. पहिल्या आठवड्यात टाच किती दबत होती आणि आता किती दबते, हे त्यांच्या पायाला आठवत असे. टोळीतल्या तरुण पोरांच्या मनगटावर घड्याळं होती, ती काय काय मोजायची. सातपुते त्या घड्याळांकडे बघून हसत.

"माझा पाय स्टँडर्ड आहे," ते म्हणायचे. कारखान्यात सगळी मीटरं एका पक्क्या मीटराशी ताडून बघतात, त्यातलं ते स्टँडर्ड. "इतकी वर्षं पळतोय. कधी मुरगळला नाही, कधी सुजला नाही. बूट बदलतो, रस्ता बदलतो, हवा बदलते. हा बदलत नाही. म्हणून तर मला निकाल देता येतो."

त्या वेळी मला ती फुशारकी वाटायची.

त्यांचा निकाल ऐकायला कटकटीचा असे आणि खरा निघे, ही आणखी एक पंचाईत. एकदा साहूजींनी एक बूट आणला. इतका मऊ की टोळीतला जो तो घालून दुकानात उड्या मारायला लागला. साहूजी खुशीत होते. सातपुत्यांनी तो काही आठवडे वापरला आणि काउंटरवर ठेवला.

"यह मुलायम नहीं है, साहूजी. यह धँस रहा है. आतल्या बाजूला धँस रहा है." त्यांच्या हिंदीत मराठी अशी मध्येच डोकावायची.

"अब का करें?" साहूजी म्हणाले. "माल तो आ गओ."

माल विकला गेला. दिवाळीच्या आसपास आमच्यातल्या एका शाळामास्तरांचा पाय त्याच बुटात असा आत वळला की ते महिनाभर काठी घेऊन वर्गात जात होते. त्यानंतर साहूजी वठणीवर आले. गिऱ्हाइकाला सांगू लागले, "सातपुतेजी ने पास करो है, आँख मूँद कें लै जाओ."

नव्या बुटांपेक्षाही त्यांचा जीव रमायचा तो जुन्या, झिजलेल्या तळांत. झाशीतली मराठी माणसं गणपतीत एकत्र येतात. हॉलच्या बाहेर चपलांचा ढीग पडतो. आत आरती चालू असायची आणि सातपुते बाहेर त्या ढिगाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. एकेक चप्पल उलटी करून बघत. हात धुवायला लावूनच विजयाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, त्यांना प्रसाद देत. आरती संपवून लोक बाहेर आले की हे सुरू. "ही कोणाची? गुडघा सांभाळा म्हणावं." "हा जोड कोणाचा? तुम्ही पाठीचं दुखणं लपवून चालताय." लोक हसत. एका वर्षी त्यांनी देशपांडे वहिनींच्या चपला बघितल्या आणि म्हणाले, "उजवा खुबा बघून घ्या, वेळ काढू नका." वहिनी रागावल्या. सणासुदीला हे काय अभद्र, असं म्हणाल्या. पुढच्या गणपतीला त्या आल्या तेव्हा त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं होतं. तेव्हापासून बायका गणपतीला मुद्दाम नव्या कोऱ्या चपला घालून यायला लागल्या. सातपुते खट्टू झाले. "लपवून काय होणार आहे?" ते मला म्हणाले. "पाय तर तेच आणलेत ना?"

ज्या थंडीत हे सगळं सुरू झालं त्या थंडीत धुकं फार होतं. बबीना रस्त्यावर हातभरापलीकडचा माणूस दिसत नव्हता. फौजी पोरं छावणीतून पळत यायची, ती अंगावर आल्यावरच कळायची. त्या धुक्यात मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. एक पाऊल नेहमीसारखं हलकं आणि दुसरं 'थप'. ओलं फडकं जमिनीवर आपटावं तसं. मला वाटलं, मागून कोणी नवशिका येतोय. मी वळून थांबले, तर धुक्यातून सातपुते आले. सातपुत्यांचं पाऊल इतकं हलकं असायचं की तरुण पोरं दचकायची, आणि तेच आवाज करत येत होते.

"डाव्या बुटाची गादी पुढून बसलीय," मी काही विचारायच्या आत ते म्हणाले. "साहूला सांगतो. लॉट खराब आहे."

साहूजींनी जोडी बदलून दिली. आठवडा गेला आणि आवाज परत आला. मग त्यांनी दुसऱ्या नमुन्याचा बूट घेतला. त्याचाही डावाच बिघडला. मग तिसऱ्याचा. सातपुते दर वेळी डावा बूट काउंटरवर आडवा टाकत आणि पुढचा भाग दाखवत. अंगठ्यापाशी, जिथं कोणाचाच बूट झिजत नाही तिथं, रबर खरवडून गेलेलं असे.

"काए सातपुतेजी, सबरी कंपनीअन की डेरी टाँग सें दुस्मनी है का?" साहूजी म्हणाले. सगळ्या कंपन्यांचं डाव्या पायाशीच वैर आहे का, असं ते विचारत होते. आम्ही हसलो. सातपुतेही हसले. मला मात्र त्या हसण्याची मजा वाटली नाही, कारण मी त्यांना त्या दिवशी दुकानाची पायरी चढताना पाहिलं होतं. पायरी उंच नव्हती. तरी त्यांनी डावा गुडघा असा वर उचलला होता की जणू खाली पाणी साचलंय.

मी त्यांना तिथंच, बाहेर आल्याबरोबर सांगितलं. "सातपुतेजी, बूट पुरे झाले. डॉक्टरला पाय दाखवा."

"पाय दुखत नाही."

"दुखत नाही म्हणूनच दाखवा."

"अहो, दुखत नाही ते काय दाखवू? डॉक्टर विचारील कुठं दुखतं, तर मी सांगू बुटाला दुखतंय?" ते चिडले होते. "तुम्हाला पळायला शिकवलं मी, आता तुम्ही मला माझा पाय शिकवा."

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं होतं आणि मी ओरडलेही. सीपरी बाजारात, भर गर्दीत, मी त्यांना आडमुठे म्हणाले. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं.

मग त्यांनी बूट सोडून रस्ता धरला. रस्ता मध्ये उंच असतो, कडेला उतरता. आम्ही समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं पळायचो, त्यामुळे डावं पाऊल कायम उंच बाजूला पडतं आणि म्हणून घासतं, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ऐकायला अगदी बरोबर. दुसऱ्या दिवसापासून ते डाव्या कडेनं, ट्रकांकडे पाठ करून पळू लागले. आम्ही सगळ्यांनी डोकेफोड केली. "महिनाभरच," ते म्हणाले. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते."

त्या महिन्यातली एक सकाळ मला विसरता येत नाही. धुकं विरत होतं. सातपुते रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं आमच्या थोडे पुढे होते. मागून बबीन्याकडे जाणारा ट्रक आला, त्यानं हॉर्न दिला, आणि त्याच क्षणी सातपुत्यांचा डावा अंगठा डांबराला अडकला. ते दगडासारखे पुढे कोसळले. ट्रकवाल्यानं गाडी मधोमध ओढली आणि शिव्या देत निघून गेला. मी धावत पलीकडे गेले. त्यांचे तळहात सोलले होते, हनुवटीतून रक्त येत होतं. ते रस्त्यावर बसले होते आणि ट्रककडे बघत नव्हते. त्यांनी डावा बूट दोन्ही हातांत धरला होता आणि ते त्याच्या टोकाकडे बघत होते.

"नाक लांब आहे याचं," ते म्हणाले. "पुढचं रबर जास्त वर आलंय. कापायला हवं."

आणि त्यांनी ते खरंच कापलं. घरी जाऊन, हनुवटीला पट्टी लावून, सुरीनं त्या बुटाच्या टोकाचं रबर तासून काढलं.

मी त्यांच्या घरी गेले ती विजयाताईंनी बोलावलं म्हणून. सातपुते बाहेर गेलेले होते. ताई मला थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. एरवी हसतमुख बाई, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बसलेला होता.

"अगं, हे घरात बूट घालून वावरायला लागलेत," त्या म्हणाल्या.

मला आधी त्यात काय मोठं ते कळलं नाही. मग कळलं. हा माणूस देवासमोर दिवा लावल्याशिवाय पाणी पीत नसे. चप्पल उंबऱ्याबाहेर, हा त्यांच्या घरातला कायदा होता.

"घरातली स्लीपर डाव्या पायात राहतच नव्हती. चालता चालता मागे पडायची. मला ती कुठंही सापडायची, कधी बाथरूमपाशी, कधी पलंगाखाली. त्यांना कळायचंही नाही की पाय रिकामा आहे. मी तिला इलॅस्टिक लावून दिलं, तर चिडले. म्हणाले, स्लीपरचा साचा बिघडलाय. आता जेवायलासुद्धा बूट घालून बसतात. देवासमोरून बूट घालून जातात, आणि मी काही बोलत नाही." त्या थांबल्या. "कारखान्यात हेच रोज सकाळी आधी आपलं मीटर तपासायचे, मग माल. मीटरवर शंका घ्यायला लाजायचं नसतं, असं पोरांना सांगायचे. मी आठवण करून दिली तर ताट सोडून उठले."

तोपर्यंत मला राग येत होता. त्या स्वयंपाकघरात मात्र मला भीती वाटली. हे सगळं त्यांना ठाऊक नाही, असं मला आता वाटेना. ठाऊक नसलेला माणूस इतका चिडत नाही.

आमच्या सांगण्यानं काहीच झालं नसतं. झालं ते त्यांच्याच पद्धतीनं. रस्त्याची बाजू बदलून फरक पडला नाही तेव्हा त्यांनी शेवटची परीक्षा ठरवली. टोळीत तोमरजी नावाचे निवृत्त सुभेदार होते. त्यांचा पाय सातपुत्यांच्याच मापाचा, वजनही जवळपास तेच. एकाच पेटीतल्या, एकाच नमुन्याच्या दोन जोड्या काढल्या. एक तोमरजींनी घालायची, एक सातपुत्यांनी. रस्ता तोच, बाजू तीच, रोजचं अंतर तेच. होळीनंतर दोन्ही जोड्या साहूजींच्या दुकानात आणायच्या. दोन्ही डावे बूट सारखे झिजले तर कंपनीला ते स्वतः पत्र लिहिणार होते. आणि सारखे झिजले नाहीत तर काय, हे कोणी विचारलं नाही.

होळीचा रंग अजून रस्त्यावर होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरवर चार बूट उलटे ठेवले होते. तोमरजींचे दोन्ही बूट जुळ्या भावांसारखे, टाचेला थोडे झिजलेले, बस. सातपुत्यांचा उजवा तसाच. त्यांच्या डाव्याचं टोक फाटून आतली गादी बाहेर आली होती.

मग साहूजींनी, ज्यांनी इतके महिने त्यांची चेष्टा केली होती त्यांनी, फार हळू आवाजात म्हटलं, "सातपुतेजी, जूता तो ठीक है."

"तोमरजी, आप सचमुच रोज दौड़े थे इसमें?" सातपुत्यांनी विचारलं.

"जी. रोज."

"मेरे साथ ही?"

"आपके साथ ही, भाईसाहब."

सातपुत्यांनी मान हलवली. दुकानातल्या बूट घालून बघायच्या स्टुलावर ते बसले. दोन्ही पायांतले बूट काढले, मोजेही काढले. टाचा जमिनीला टेकवल्या आणि दोन्ही पावलं वर उचलायचा प्रयत्न केला. उजवं पाऊल उचललं गेलं. डावं तसंच पडून राहिलं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्यांच्या मानेवरची शीर फुगली, ओठ आवळले गेले, आणि ते पाऊल जमिनीवर निवांत पडलेलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, आश्चर्यही नव्हतं. खोटा माल पास करून बाहेर सोडला आणि तो आता जगभर कुठं कुठं गेला असेल, अशा विचारात पडलेल्या माणसाचा तो चेहरा होता. पोटरीवरून त्यांनी हात फिरवला. डावी पोटरी उजवीपेक्षा बारीक झाली होती. आम्हा सगळ्यांना ती दिसली. थंडीभर ती लांब पँटच्या आत होती.

ग्वाल्हेर झालं, मग दिल्ली झाली. कंबरेत नस दबली असेल, असं मी देवाला सांगत होते, कारण त्यावर इलाज असतो. नस दबलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, नसा आपोआप मरत चालल्यात. असं दोन प्रकारांनी होतं. एका प्रकारात ते त्या पायातच राहतं, वर्षानुवर्षं. माणूस पट्टा लावून, काठी घेऊन जगतो. दुसऱ्या प्रकारात ते वर सरकतं. आता सांगता येत नाही, म्हणाले. हातांवर लक्ष ठेवा. हात ठीक राहिले तर आशा धरायला जागा आहे. हातात आलं, की समजा.

समजा म्हणजे काय, हे विजयाताईंनी विचारलं नाही. त्यांनी हातांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. सकाळी शर्टाची बटणं त्यांनाच लावायला सांगायच्या आणि आरशातून बघायच्या. मटार सोलायला द्यायच्या. सुईत दोरा ओवून मागायच्या. सातपुते निमूट सगळं करत. ते झालं की ताई आत जाऊन देवासमोर उभ्या राहत. मी गेले की मला दारातच सांगत, "हात चांगले आहेत गं. आज चकलीचा सोऱ्या फिरवला त्यांनी." मीही म्हणे, "मग काय, पायातच थांबणार ते." आम्हा दोघींचा त्यावर विश्वास बसत चालला होता. पायात पट्टा आला, काठी आली, सकाळी टोळी त्यांच्या घरावरून जाताना ते व्हरांड्यात बसून हात करत. ते आमचं पळणं फक्त ऐकत. कोणाचं पाऊल जड पडतंय ते बसल्या जागी सांगत. गणपतीत मात्र चपलांशी बसले नाहीत. आत, सगळ्यांबरोबर आरतीला उभे राहिले, भिंतीला टेकून.

पावसाळा संपता संपता मुलीनं निक्षून सांगितलं आणि पुण्याला जायचं ठरलं. घर आवरलं गेलं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या आधीच्या एका दुपारी. त्यांच्या व्हरांड्यात ऊन होतं. सातपुते खुर्चीत होते, मांडीवर शाल. आत विजयाताई भांडी कागदात गुंडाळत होत्या, त्याचा आवाज येत होता. मी पायरीवर बसले होते आणि उगाच काहीबाही बोलत होते. तेवढ्यात साहूजी आले. हातात पुठ्ठ्याची पेटी.

"जाबे सें पैलें एक बेर देख लेओ," ते म्हणाले. "नओ आओ है. सस्तो है. आप नईं देखहौ तो कौन देखहै?"

जाण्याआधी एकदा बघून घ्या, तुम्ही नाही बघणार तर कोण, असं म्हणत त्यांनी पेटी सातपुत्यांच्या मांडीवर ठेवली. सातपुते खूश झाले. खरोखर खूश झाले. इतक्या महिन्यांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "आता पळून बघता येत नाही," ते म्हणाले, "हातानं बघू." त्यांनी बूट घेतला, वाकवला, पिळला, नाकाला लावला, टाचेकडून डोळ्यासमोर धरून सरळ आहे का ते पाहिलं. मग तो डाव्या हातात घेतला आणि अंगठ्यानं टाचेची गादी दाबली.

"कडक है, साहूजी," ते म्हणाले. "गादी बहुत कडक है. रोज के दौड़ने में घुटना जाएगा."

"कडक?" साहूजींना नवल वाटलं. त्यांनी पुढे होऊन बोटानं दाबून पाहिलं. गादी छान दबली आणि परत वर आली. ते माझ्याकडे बघू लागले. मीही हात लावला. मऊ होती, पण खचणारी नव्हती. ते जन्मभर शोधत होते अगदी तशी.

सातपुत्यांनी आमच्या दोघांकडे पाहिलं. मग बूट पुन्हा घेतला. डाव्या अंगठ्यानं पुन्हा दाबला. जोर लावला. अंगठा गादीवर नुसता टेकून राहिला, मग घसरला. त्यांनी बूट सावकाश उजव्या हातात घेतला आणि उजव्या अंगठ्यानं दाबला. अंगठा आत गेला.

साहूजींना काय झालं ते कळलं नाही. मला कळलं. सातपुते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांनी डावा हात शालीखाली घेतला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. विजयाताई दाराशी आल्या नव्हत्या, पण त्या ऐकत होत्या. "काय झालं हो?" त्यांनी आतूनच विचारलं. "काय कडक आहे?"

"काही नाही," सातपुते म्हणाले. "माझंच चुकलं. बूट चांगला आहे."